सुकटीत आलेला कंदीलमासा

लोणावळ्याहून सकाळी सुटणारी पुणे लोकल सुरुवातीला जवळजवळ रिकामी असते. मे महिन्याची सुट्टी चालू होती. मुंबईकडून आलेली मंडळी बॅगा ओढत स्टेशनाबाहेर पडत होती, आणि मी त्यांच्या उलट दिशेने फलाटावर शिरले. खिडकीजवळची जागा मिळाली. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी, भिंग, चिमटा, एक पांढरा रुमाल आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले काही सुके मासे होते. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी एकदोनदा इकडेतिकडे पाहिलं, मग बाकाखाली वाकून पाहिलं आणि शेवटी ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मला पिशवीचा वास येईनासा झाला होता, म्हणजे त्यांना तो चांगलाच येत असणार.

तारा आणि ईशान, तुम्ही फोनवर विचारलं होतं, की आजी, तू डोंगरात राहतेस, मग खोल समुद्रातला मासा तुला भेटला कुठे? उत्तर फोनवर मावण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. क्रमाने सांगते.

कामशेतच्या आठवडी बाजारात सुशीला नावाची बाई सुकी मासळी विकायला बसते. राहते देहूरोडला. तिचे यजमान लष्कराच्या डेपोतून निवृत्त झाले आणि मुलगाही नोकरीला लागला, त्यामुळे घर तिच्या विक्रीवर अवलंबून नाही. पण तिची आई डोक्यावर टोपली घेऊन पवन मावळातल्या वाड्यांवर पायी फिरायची, आणि आईमागून सुशीलाने तीच गावं धरली. पावसाळ्यात डोंगरातल्या वाड्यांना बाजार लांब पडतो. म्हणून लोक मे महिन्यातच सुकट, बोंबील, वाकट भरून ठेवतात. (सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तुमच्या बाबाला ती फार आवडायची. आता आवडते का, हे विचारून घ्या.)

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे, हे सुशीलाला कधीतरी बोलण्यात कळलं होतं. मागच्या बाजाराला तिने माझ्या पिशवीत बोंबील टाकले आणि वर एक पुडी ठेवली.

"बाई, तुमी मासं शिकवायच्या ना? मग ही काय जात हाय ती सांगा."

पुडीत करंगळीएवढे काळपट मासे होते. सगळ्यात आधी दिसत होते ते त्यांचे डोळे. डोक्याचा निम्मा भाग डोळ्यांनीच व्यापलेला. अंगावर खवलं नावालाही नव्हती. या खेपेच्या सुकटीत ते इथे तिथे मिसळून आले होते.

"कुणी काही म्हणालं का?" मी विचारलं.

"तिकोण्याखालच्या वाडीनं पोतं बांधून परत दिलं. औषधाचं मासं हायती म्हणं."

औषध म्हणजे शेतावर फवारायचं विष. काही वर्षांपूर्वी बाहेरची माणसं सहलीला आली होती आणि त्यांनी वाडीखालच्या ओढ्यात ते ओतलं होतं, मासे आयते वर यावेत म्हणून. वाहत आलेले मासे वाडीतल्या एका सुनेने गोळा करून शिजवले. ती फार आजारी पडली. वाचली, पण तेव्हापासून वाडीला विषाने मेलेला मासा कसा दिसतो ते पाठ झालं: डोळे बाहेर आलेले, खवलं गळलेली, कातडी काळी पडलेली. सुशीलाच्या सुकटीतला मासा अगदी तसाच दिसत होता. त्यांनी जे पाहिलं त्यावरून तोच निष्कर्ष निघत होता.

"एका वाडीनं न्हाई म्हटलं की बाकीच्या म्हणत्यातच," सुशीला म्हणाली. "टोपली काय, ठेवीन खाली. वय झालंच हाय. पन माज्या आईच्या गावांनी मला औषधाचं मासं इकणारी म्हणावं, ते घिऊन घरात बसू का मी?"

मी पुडी घरी आणली आणि खिडकीतल्या उजेडात भिंगाखाली ठेवली. पोटाच्या कडेने आणि कुशीवर बारीक गोल ठिपके रांगेत बसवलेले होते, सदऱ्याला मोत्याची बटणं लावावीत तसे. ते पाहिल्यावर शंका उरली नाही. मराठीत याला रूढ नाव असलं तर मला माहीत नाही, आपण त्याला कंदीलमासा म्हणू. ते ठिपके त्याचे दिवे आहेत. जिवंतपणी त्यांतून निळसर प्रकाश निघतो. सुकल्यावर नुसती काच उरावी तसे ते उरतात.

मी सुशीलाला फोन करून सांगितलं की मासा ओळखला. ती म्हणाली, "मग वाडीवर येऊन तुमीच सांगा. माजं कोन ऐकतंय?" म्हणून हा प्रवास.

मळवली मागे पडलं. उजवीकडे लोहगड आणि विसापूर सकाळच्या धुरकट उजेडात उभे होते. रुळांच्या कडेने भाताची खाचरं कोरडी पडली होती, आणि मध्ये मध्ये गुलाबाच्या शेतीची पांढरी प्लास्टिकची घरं. कामशेतला मी उतरले तेव्हा देहूरोडकडून येणारी गाडी अजून यायची होती. स्टेशनाबाहेर एक म्हातारी पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होती. (करवंद म्हणजे काटेरी जाळीवर येणारं काळं फळ. चीक ओठाला चिकटतो.) मी एक द्रोण घेतला आणि सुशीला येईपर्यंत संपवला.

ती आली ती डोक्यावर पोतं आणि हातात टोपली घेऊन. उंच, सडपातळ, घट्ट अंबाडा, निळी नऊवारी. मला पाहिल्यावर तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

"बूट घातलं ते बरं केलं. मागं एक मॅडम आल्या हुत्या सर्व्हे करायला, सपाता घालून. त्यांना दोगींनी धरून खाली आनलं."

पवनानगरची एसटी लागली होती. पोतं पाहून कंडक्टरने दार अडवलं. तरुण होता, मिशी जपलेली.

"मावशी, हे वर टपावर टाका."

"टपावर ऊन लागंल."

"सुकटीला आणखी काय ऊन लागायचं राहिलंय? वाळूनच आली ना ती?"

"तुला बी पाठवते टपावर, बगू वाळतोस का."

गाडीतली माणसं हसली. पोतं शेवटी मागच्या सीटखाली गेलं, कंडक्टरने त्याचंही तिकीट फाडलं आणि खिडक्या उघड्या ठेवायची सूचना सगळ्यांना दिली. बेडसे मागे पडल्यावर गाडी एका चढावर बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून पुढे काहीतरी करत राहिला. उतारू उतरून आंब्याच्या सावलीत बसले. सुशीला पोत्याजवळच बसून राहिली. मी तिच्यासाठी पाणी घेऊन गेले तेव्हा ती पदराने वारा घेत होती.

"बाई, तितं गेल्यावर येकच सांगा. सुकट चांगली हाय म्हणून. बाकी शिकवत बसू नका."

"मासा कोणता आहे ते सांगेन," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोत्याची गाठ आवळली.

गाडी सुरू झाली आणि वळणावर पवनेचं धरण दिसलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं. काठावर एकाखाली एक अशा मातीच्या रेघा उमटलेल्या होत्या, प्रत्येक रेघ म्हणजे पाणी काही दिवस थांबलेली जागा. जवळच रंगीत तंबू लागले होते आणि कुणाचा तरी स्पीकर सकाळपासूनच चालू होता. पलीकडे तुंग, अलीकडे तिकोना. पवनानगरहून जीपने तिकोना पेठेत पोचलो. गडावर जाणारी मुलं चहाच्या टपरीवर पाण्याच्या बाटल्या भरत होती. आम्ही त्यांची वाट सोडून डाव्या अंगाच्या पायवाटेने निघालो.

इथे जरा थांबून तुम्हाला गडाची उंची डोळ्यांसमोर आणायला सांगते, कारण माशाचं राहणं कळायला ती उपयोगी पडेल. गडाचा माथा म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग आहे असं समजा. कंदीलमासा दिवसभर पायथ्याशी असतो, कधी त्याहूनही खोल. तिथे दुपारी बाराला सुद्धा संधिप्रकाश असतो. आपल्या अरबी समुद्रात त्या खोलीवर प्राणवायू इतका कमी आहे की बहुतेक मोठे मासे तिथे फार वेळ टिकत नाहीत. कंदीलमासा मंदावतो आणि टिकतो. त्याचे वैरी कमी पोचतात, हाच त्या जागेचा फायदा. अंधार पडला की हे मासे प्रचंड संख्येने वर येतात, वरच्या पाण्यातले कणभर किडे खातात, आणि उजाडायच्या आत पुन्हा खाली जातात. पूर्वी जहाजं आवाज खाली सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजायची, तेव्हा या माशांच्या थरावरून आवाज परत यायचा आणि खलाशांना तो समुद्राचा तळ वाटायचा. तळ रात्री वर येतो आणि दिवसा खाली जातो, हे काही त्यांना जुळेना. माझ्या करंगळीएवढा हा प्राणी रोज तिकोना चढतो आणि उतरतो. मी अर्ध्या उंचीवरच्या वाडीला पोचेपर्यंत तीनदा बसले.

वाडी ठाकरांची. पंधरावीस घरं, कुडाच्या भिंती, काहींवर आता पत्रे. पहिल्या घरासमोरच्या मांडवात बायका बसल्या होत्या. मध्ये ठकूआजी, वाडीतली सगळ्यांत वयस्कर बाई, पाय पसरून नाचणी पाखडत होती. तिच्याशेजारी नामी. सुशीलाने वाटेतच सांगितलं होतं, की ओढ्याचे मासे खाऊन आजारी पडली होती ती हीच.

"आलीस व्हय," ठकूआजी म्हणाली. "बस."

सुशीलाने पोतं उतरवलं आणि मांडवातच, घराच्या उंबऱ्यापासून लांब बसली. नंतर तिने मला सांगितलं, की तिच्या आईला खालच्या गावांत लोक अंगणाबाहेरून वजन करायला लावायचे. या वाडीवर मात्र ठकूआजीची सासू तिला आत चुलीपाशी बसवून भाकरी वाढायची. सुशीलाही कायम आत बसत आली होती. मागच्या खेपेपासून मांडव.

"ह्या कालेजातल्या बाई," तिने माझी ओळख करून दिली. "मासं शिकवायच्या."

"माशांना शिकवायच्या?" नामीने विचारलं.

"माशांना कशाला, पोरांना."

"मग ठीक हाय. आमचं मासं शिकल्यालं न्हाईत, म्हणून इचारलं."

मी सूप मागितलं, त्यावर रुमाल अंथरला आणि पुडीतले मासे मांडले. हा मासा कुठला, किती खोल पाण्यातला, ते थोडक्यात सांगितलं. आता खोल पाण्यातली कोळंबी धरायला बोटी लांब जातात, त्यांच्या जाळ्यात हा येत असावा आणि तिथून व्यापाऱ्याच्या सुकटीत आला असावा, असा माझा अंदाज होता, आणि तो अंदाज आहे असंही सांगितलं. बायका ऐकत होत्या. ऐकणं आणि पटणं यांतलं अंतर वर्गात शिकवणाऱ्याला चेहऱ्यावरून कळतं.

"डोळं बगा की त्याचं," नामी म्हणाली. "भाईर आल्यात. मी खाल्ल्यालं बी असंच हुतं."

"त्या माशांचे डोळे पांढरे पडले होते का?" मी विचारलं.

"व्हय. शिजल्यागत."

"आणि एकाचे जास्त बाहेर, एकाचे कमी?"

तिने सुपातल्या माशांकडे पाहिलं. "व्हय. सारखं न्हवतं."

"मग हे सगळे एकमेकांशेजारी ठेवून बघा."

ठकूआजीने सूप स्वतःकडे ओढलं. सुशीलाने पोत्याचं तोंड सोडलं आणि बायकांनी त्यात हात घालून आणखी मासे वेचून काढले. ते मापाने लावले, लहान मोठे. प्रत्येकाचे डोळे त्याच्या डोक्याच्या मानाने सारखेच. मग मी भिंग दिलं. आधी ठकूआजीने धरलं, उलटं. सुलटं करून दिल्यावर बराच वेळ बघत राहिली.

"ह्ये टिकलं कसलं?"

"ते त्याचे दिवे."

"दुसऱ्याला बी हायत?"

"बघा ना."

तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. मग भिंग शेजारणीकडे दिलं. भिंग फिरत राहिलं आणि मांडवात कुजबुज सुरू झाली: शेपटीजवळ हितं दोन, व्हय, माज्याला बी, गळ्याखाली रांग, माज्याला बी. विषाने अंगावर डाग पडले असते तर ते जिथे तिथे पडले असते. इथे प्रत्येक माशाचे ठिपके त्याच जागी होते. हे मी बोलून दाखवायच्या आत एका बाईने म्हटलं, आणि मला ते बरं वाटलं. खवलांचं कारण मात्र मी सांगितलं: या माशाची खवलं मुळातच सैल असतात, जाळ्यात घासली की निघून जातात.

"पर दिवा कशाला?" ठकूआजीने विचारलं. "अंधारात दिवा लावला तर धरनारा येईल की."

प्रश्न बरोबर होता. वर्गातही हाच प्रश्न यायचा. मी विचारलं, "धरणातला मासा पाठीकडून कसा असतो आणि पोटाकडून कसा?"

"पाट काळी, पोट पांढरं."

"पोट पांढरं कशाला?"

"खालनं बगनाऱ्याला आभाळागत दिसाया," शेजारीण म्हणाली. तिचा नवरा धरणात जाळं टाकतो.

"तसंच. खोल पाण्यात नुसत्या पांढऱ्याने भागत नाही. वरून येणारा उजेड अगदी थोडा असतो. खालून बघणाऱ्याला मासा काळा दिसला असता. म्हणून तो पोटाचे दिवे वरच्या उजेडाइतकेच लावतो. कमी नाही, जास्त नाही. मग त्याची सावलीच पडत नाही."

"म्हणजी लपाया दिवा," ठकूआजी म्हणाली.

"हो."

"असला दिवा आमच्या वाडीला द्या," नामी म्हणाली. "लाईटवाला बिल घिऊन आला की लावतो." बायका हसल्या, सुशीलाही. ती आल्यापासून पहिल्यांदा.

मग नामीने हसणं आवरलं आणि मला सरळ विचारलं, "मासा कळला. आता सांगा, सुकट खायची का न्हाई?"

सुशीला माझ्याकडे पाहत होती. तिला जे एक वाक्य हवं होतं त्याची जागा हीच होती. तारा, ईशान, तुम्हाला कदाचित वाटेल की आजीने ते म्हणून टाकायला हवं होतं. मासा विषाने मेलेला नव्हता, याची मला खात्री होती. पोतं कुठे साठवलं, त्याला कुठे ओल लागली, वाटेत त्याला काय काय लागलं, यांतलं मला काहीही माहीत नव्हतं. भिंगातून ते दिसत नाही.

"हा मासा औषधाने मेलेला नाही, एवढं मी नक्की सांगते," मी म्हणाले. "पोतं चांगलं आहे की नाही, ते मला सांगता येणार नाही."

"मग आलात कशाला इतकं चढून?" नामी म्हणाली.

"माशासाठी."

सुशीलाने मान खाली घातली आणि टोपलीच्या काठाची सुटलेली कामटी आत खोचू लागली. त्या वेळी माझ्या मनात आलं की मी खालीच राहायला हवं होतं.

ठकूआजीने नाचणीचं सूप बाजूला केलं. "पोत्याचं ह्या बाईला कशाला इचारता? ते काय कालेजात अस्तंय? हिकडं आन." तिने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातली मूठ काढली. ती तळहातावर चोळली, नाकाशी नेली, थोडी तोंडात टाकून चावली. मग बाजूची मूठ काढली, मग वरची. सुकट कशी पाहायची याची ही नेहमीची रीत आहे. सुशीला स्वतः व्यापाऱ्याकडे हेच करते. मागच्या खेपेला मासे दिसले आणि वाडीने रीत करायच्या आधीच पोतं बांधलं होतं, एवढाच फरक.

"वाळल्याली हाय नीट," ती म्हणाली. "मीठ वाईच जास्त."

"यंदा मीठ जास्तच मारतोय त्यो," सुशीला हळूच म्हणाली.

"त्याला सांग, आमी पैसं सुकटीचं देतो."

मग ती सुशीलाकडे वळली. "ह्ये डोळंवालं समदं काढून टाकायचं. आमच्या म्होरं. मग घिऊ."

चार सुपं आली. सुशीलाने पोतं उपडं केलं आणि बायका निवडायला बसल्या, तांदूळ निवडतात तशा. मीही एक सूप घेतलं. सुकटीचे डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, कंदीलमाशाचे मण्याएवढे, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. निवडताना गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या लेकीचं आंबीच्या कारखान्यात काम लागलं, कुणाची म्हैस व्याली, तंबूवाल्यांनी पाण्याच्या वाटेवर कुंपण घातलं त्याचं काय करायचं. नामी निवडायला बसली नाही. ती मांडवाच्या खांबाला टेकून बघत होती.

"नामे, ये की," एकीने म्हटलं.

"मी न्हाई. तुमी समद्या शहाण्या. मला एकदा झालंय."

कुणी तिला आग्रह केला नाही. मीही नाही. तिच्या नकाराला कारण होतं आणि ते तिच्याच अंगावर घडलं होतं.

निवडून झालं तेव्हा एका पानावर कंदीलमाशांचा छोटा ढीग झाला होता. त्यातले काही चांगले मासे मी पुडीत घेतले, उरलेले कोंबड्यांना घालू नका असं ठकूआजीने बजावलं आणि ते मातीत पुरले. मग मापं सुरू झाली. ठकूआजीने दरवर्षीच्या निम्मी घेतली. बाकीच्या बायकांनी तिच्या हिशेबाने, कुणी कमी, कुणी थोडी जास्त. नामीच्या घरी काही गेलं नाही.

"निम्मीच?" सुशीलाने विचारलं.

"ही खाऊन बगतो. मग पुढल्या बाजाराला बाकीची घिऊन ये."

"तवर पाऊस धरला तर?"

"धरला तर धरला. तुला काय पाऊस नवा हाय? तुजी आई इरलं घिऊन यायची." ठकूआजी गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि दाराशी गेली. आत जाताना मागे न बघता म्हणाली, "हितं काय बसलीस उन्हात? आत ये. चटणी गेल्या सालच्या तुज्याच सुकटीची हाय, ती चालंल ना तुला?"

सुशीला उठली. उंबऱ्यावर तिने पायातल्या चपला काढल्या आणि आत गेली. मला चुलीच्या उजव्या अंगाला पाट मिळाला, तिला डाव्या अंगाला, भाकऱ्या थापणाऱ्या सुनेच्या शेजारी. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि करवंदाचं तोंडीलावणं. चटणी तिखट होती. मी दोनदा पाणी मागितलं आणि त्यावर दोन्हीकडून टोमणे ऐकले.

उतरताना सुशीला पुढे आणि मी मागे. पोतं अर्ध्यावर आलं होतं. पेठेपर्यंत ती झपाझप उतरली. जीपची वाट बघताना म्हणाली, "तुमी चांगली हाय म्हटलं असतं तर समदी गेली असती."

"कदाचित."

"नामीनं बी घेतली असती."

"मला ठाऊक नव्हतं, सुशीला."

"मला ठाऊक हाय की. मी बघून आनलीया." ती रागावली होती, आणि राग लपवत नव्हती. जीप आली, आम्ही बसलो. धरणाच्या वळणावर तिने पिशवीतून सुकटीची एक पुडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ही घ्या. निवडल्याली हाय." मी पैसे काढले, ते तिने घेतले नाहीत.

कामशेतला आमच्या गाड्या वेगवेगळ्या फलाटांवर येत होत्या. तिची आधी आली. मला गर्दीचा डबा मिळाला आणि लोणावळ्यापर्यंत उभं राहावं लागलं. या वेळी माझ्यापासून कुणी दूर सरकलं नाही, कारण सरकायला जागा नव्हती.

घरी आल्यावर मी पुडीतले मासे पांढऱ्या कागदावर मांडून खिडकीत ठेवले. हा मासा जिवंत असताना कुणी फारसा पाहिलेला नाही. जाळ्यात वर येईपर्यंत तो मेलेला असतो, आणि टाकीत ठेवला तर जगत नाही. त्याच्याबद्दल जे कळलं आहे ते बहुतेक असंच, मेलेल्या शरीरावरच्या ठिपक्यांवरून आणि पाण्यातून परत आलेल्या आवाजावरून, जोडून जोडून काढलेलं आहे. मी आयुष्यभर तेच शिकवलं, आणि वाडीवरही तेवढंच बोलले. माशापुरतं ते पुरेसं होतं. सुशीलाला मात्र माशाहून जास्त हवं होतं, आणि ते द्यायचा एकच रस्ता माझ्या हातात उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिने दिलेली सुकट कढईत कोरडी भाजली. कांदा, लसूण, लाल तिखट, दोन आमसुलं. ठकूआजी म्हणाली ते खरं होतं, मीठ थोडं जास्त. तुमच्या आजोबांना मी वाढली नाही, ते कुरकुरले. मी एकटीने भाकरीशी ताटभर खाल्ली. संध्याकाळी नेहमीप्रमाणे फिरायला गेले. रात्री झोप लागली. सकाळी चहा घेतला आणि पोटाची तक्रार नाही याची खात्री करून सुशीलाला फोन लावला.

"खाल्ली," मी सांगितलं. "काही झालं नाही. चांगली आहे."

ती बाजाराला निघाली होती, मागे गाडीचा भोंगा ऐकू येत होता.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली. मग विचारलं, "नामीला सांगू का, बाईंनी सोता खाल्ली म्हणून?"

"सांग," मी म्हणाले. "माझं नाव घेऊन सांग."